रेताड रानातला युरिया जातो कुठे?

आज नदीकाठच्या रेताड रानातला मका. "युरिया दिला तरी खालची पानं पिवळी पडतायत" ही तक्रार तिथली नेहमीची.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे स्टोरेजसारखं दिसतं. काळ्या जमिनीत स्टोरेज भरपूर, वाळूत जवळपास नाहीच. चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब अमोनियम धरून ठेवतात, वाळूत दोन्ही कमी. युरियाचं काही दिवसांत अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही ऋणच, त्यामुळे ते कशाला चिकटत नाही. पाणी जाईल तिकडे जातं. ओल्या वाळूत २५ मिलिमीटर पाऊस त्याला साधारण फूटभर खाली ढकलतो. आता जुलैतला एखादा झोडपणारा दिवस आठवा!

हिशोब बघू. संकरित मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, म्हणजे एकरी ४८. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र २०.७ किलो. सगळं युरियातून धरलं तर सव्वादोन गोण्यांच्या थोडं वर. पण गुडघाभर होईपर्यंत मका यातला अगदी थोडा भाग उचलतो. खरी भूक त्यानंतर, तुरा येईपर्यंत. पेरणीलाच गोणी ओतली तर खायला तोंड कुठंय?

म्हणून शिफारशीतले तीन हप्ते वाळूत मला कमी वाटतात. पाच करा, प्रत्येकी २० किलोच्या आसपास, शेवटचा तुऱ्याच्या आधी. ओळीलगत द्या, कोळप्यानं मातीआड करा, वर हलकं पाणी. मोकाट पाणी सोडलंत तर खत आपणच खाली ढकललं. आभाळ भरलेलं असेल तर दोन दिवस थांबा.

आमचे काका म्हणतात, "पाच वेळा मजूर आणू कुठून?" बरोबर आहे. गोणी २६६ रुपयांची, माणसाची दिवसाची मजुरी त्याहून जास्त. सबसिडीनं खत इतकं स्वस्त केलंय की ते वाया घालवणंच परवडतं. ठिबक असेल तर व्हेंचुरीतून द्या, मजुराचा प्रश्नच मिटला. नसेल तर तीनच द्या, पण पेरणीचा हप्ता छोटा ठेवा.

आणि वाया गेलेलं जातं कुठे? त्याच वाळूतल्या उथळ विहिरीत. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. घरात बाटलीच्या दुधावरचं तान्हं बाळ असेल, तर विहिरीचं पाणी आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या.