ताटाआधीं दोन ओळी

(नाशिक येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाहीं, असें आपण वाईट खोडीबद्दलच म्हणतों. चांगली खोडहि तशीच चिकटते, हें सांगण्यास मी उभा आहें.

लासलगांवीं कांदा विकून आलेल्या आपल्या भावाला विचारा, "पदरांत काय पडलें?" तो बाजारभाव सांगतो. बियाणें, खत, मजुरी, गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जाऊन काय राहिलें म्हणून विचारावें, तर डोकें खाजवतो. मीं स्वतः बारा वर्षें डोकेंच खाजवलें. पट्टी सदऱ्याच्या खिशांत राही व धुण्यांत तिचा लगदा होई. एका खतवाल्यानें एकच बाकी दोनदां मागितली. माझ्यापाशीं कागद नव्हता, मुकाट्यानें दिली.

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. वह्या जळाल्या, पण लेखणी सावकाराच्याच हातीं राहिली. कारण आपल्याला अक्षर येत नव्हतें. आज घरोघर शिकलेलीं मुलें आहेत. मग हिशोब कां लिहिला जात नाहीं? आपण आळशी म्हणून? जो पहाटे उठून धार काढतो त्याला आळशी कोण म्हणेल! चूक आहे ती रीतीची. पाडव्याला नवी वही आणून तिला हळदकुंकू वाहतों, आणि आखाजी येते तों ती माळ्यावर पडलेली असते.

नुसत्या संकल्पानें सवय जडत नाहीं. ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाच्या दाव्याला बांधावी लागते. धारेची वेळ झाली कीं गाय आपण होऊन हंबरते. तिला घड्याळ कोण दाखवतो? येवल्याचा विणकर शिकतांना धोट्याच्या प्रत्येक फेकीला विचार करी. आतां तो बोलत असतो आणि हात चालत असतो. लंडनच्या एका विद्यापीठांतील संशोधकांनीं ९६ जणांना रोज एक लहानसें काम, एकाच प्रसंगाला जोडून, करावयास लावलें. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आंकडा ६६. म्हणजे खरिपाचें उडीद-मूग हातीं येण्याइतका काळ. आणि मध्यें एखादा दिवस चुकला म्हणून फारसें बिघडत नाहीं. आपण मात्र एक दिवस चुकला कीं वहीच सोडून देतों.

तेव्हां वही कपाटांत ठेवूं नका. जेवायला बसतां तेथें खुंटीला टांगा, पेन्सील दोरीनें बांधा. ताटावर बसण्यापूर्वीं दोनच ओळी: आज काय आलें, काय गेलें. दुधाचे, अंड्यांचे, शिवणाचे पैसे बायांनीं आपल्या हातानें लिहावे. टपरीवर गेलेला पैसा लिहायला पुरुषांना लाज वाटते, तोहि लिहावा. मोबाइलांत लिहिलें तरी चालेल, पण रात्रीं तो हातीं घेतला कीं हिशोब बाजूला राहतो आणि तमाशा सुरू होतो, असा माझा अनुभव.

आमच्या घरीं भाकरी तव्यावरून उतरली कीं मंडळी एवढेंच विचारतात, "वही?" पहिले दोन महिने मला राग येई. आतां त्या माहेरीं गेल्या तरी हात खुंटीकडे जातो.

गेल्या सालीं त्याच खतवाल्यानें पुन्हां जुनी बाकी काढली. मीं वही उघडून पुढें ठेवली. त्यानें चष्मा लावला, पान उलटलें, आणि म्हणाला, "राहूं द्या, भाऊ."