पायातला जीव आणि मधली वाट

श्रोतेहो, झाडावरून पडलेला गडी दवाखान्यातून घरी येतो. हातपाय शाबूत दिसतात, पण पाय काही उचलत नाही. घरची माणसे म्हणतात, "पायातला जीव गेला." खरे पाहता पाय बिघडलेला नसतो, बिघडलेली असते मधली वाट.

गुरुजींनी ही गोष्ट मुलांना पाटाच्या पाण्यावरून समजवावी. मेंदू म्हणजे धरण, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू म्हणजे कालवा आणि स्नायू म्हणजे शेत. कालवा फुटला की शेत कोरडे पडते. पण पुष्कळदा तो पुरता फुटलेला नसतो. बारीकशी धार चालू असते. तसेच दुखापतीनंतरही मज्जारज्जूचे काही तंतू शिल्लक राहतात. त्यांना पुन्हा कामाला कसे लावावे, याचा शोध आज चालू आहे.

त्यासाठी डोके उघडावे लागत नाही. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरडेने १८३१ साली दाखवले. त्याच नियमावर १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे माणसाच्या डोक्यावर धरून क्षणभर जोराचा प्रवाह सोडला, आणि हाताचे स्नायू आपोआप हलले!

पुढे संशोधकांनी एक युक्ती काढली. एक हाक मेंदूकडून द्यायची, दुसरी हाताच्या नसेवरून, आणि दोन्हींची गाठ मज्जारज्जूत पडेल अशी वेळ साधायची. २०१२ साली अमेरिकेतील अशा प्रयोगात अर्धवट दुखापत झालेल्यांच्या हाताची हालचाल सुधारली; मात्र ती सुधारणा थोडा वेळच टिकली. म्हणून पुढच्या प्रयोगांत व्यायामाची जोड दिली गेली. नुसते पाणी सोडून पीक येत नाही, मशागतही लागते.

तेव्हा मंडळी, आशा धरा, पण भुलू नका. हा उपचार अजून अभ्यासातला आहे. "महिन्यात चालवून दाखवतो" म्हणणाऱ्यासाठी जमीन विकू नका. डोक्यात धातूचा तुकडा असेल, हृदयाला यंत्र बसवले असेल किंवा फिट येत असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आणि सर्वांत मोठा उपाय तुमच्याच हाती आहे. पडलेल्या माणसाला बसवू नका, खांद्यावर टाकून नेऊ नका. मान व पाठ सरळ रेषेत ठेवा, १०८ क्रमांकाला फोन करा, आणि हलवणे भागच असेल तर चौघांनी मिळून फळीवर घ्या. शिल्लक राहिलेली ती बारीक धार आपल्याच हातून तुटू देऊ नका.