यंत्र आपले, कुलूप कोणाचे?

(जालना एमआयडीसीतील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



एकदा आपला अंक तीन आठवडे उशिरा निघाला. कागद होता, मजकूर होता, कॉम्प्युटरही चालू होता. जळाला होता तो कपाशीच्या बोंडाएवढा प्लास्टिकचा तुकडा. त्याला हार्डवेअर लॉक म्हणतात. मराठी टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून कंपनी तो देते. कॉम्प्युटरच्या मागे तो खोचलेला असेल तरच सॉफ्टवेअर चालते. वीज कडाडली, लॉक गेला. आम्ही पावती दाखवली. उत्तर आले, नवे विकत घ्या. बरे, जुने अंक दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडावेत, तर पडद्यावर नुसती खिचडी. फॉन्टची मांडणी ज्या त्या कंपनीची वेगळी. आज युनिकोडमुळे मराठी मजकूर कुठेही उघडतो, पण ते अंक आम्हाला पुन्हा टाइप करावे लागले.

तुम्ही म्हणाल, कपाशीच्या भावाचे बोला, हे काय काढले? आपण बसलो आहोत त्या जागेकडेच बघा. एकीकडे सळईच्या मिला, दुसरीकडे बियाण्यांची गोदामे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली. त्याच वर्षी ज्वारीचे सीएसएच-१ हे संकरित वाण आले, १९७० साली सुरतहून कपाशीचे एच-४. संकरित बियाण्याला कुलूप निसर्गाचेच आहे. घरचे बी पेरले की पुढच्या पिढीत गुण फुटतात. ते आपण समजून-उमजून घेतले, कारण उतारा मिळाला. दुसरीकडे मालदांडीचे बी आजही कणगीतून काढून पेरता येते. काय घ्यायचे ते आपण ठरवतो.

१९९८ साली अमेरिकेत टर्मिनेटरचे पेटंट झाले. त्या पिकाचे दाणे पुन्हा उगवणारच नाहीत, अशी ती युक्ती. आपल्याकडे ओरड झाली. मग २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात असल्या वाणाची नोंदणी बंद झाली. शिवाय आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, विकण्याचाही हक्क लिहिला गेला. फक्त कंपनीच्या नावाचे लेबल लावून विकायचे नाही.

यंत्राच्या बाबतीत गाडी उलटी चालली. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद. कायदेशीर कामाला सूट आहे, पण कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने समोरच्याचे नाव, पत्ता, कारण लिहून ठेवायचे. गावच्या मिस्त्रीने वही घालायची म्हणा ना! अमेरिकेत तर कुलूप तोडणे हेच बेकायदेशीर. तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या ट्रॅक्टरचे सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडायला २०१५ साली खास सवलत मागून घ्यावी लागली. तिची मुदत तीन वर्षांची. दर वेळी पुन्हा मागायची.

आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारेही आहेत. ही संधी आहे. तोवर ट्रॅक्टर असो, सौर पंप असो की ड्रोन, पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा. बिघाडाचा कोड आमच्या मिस्त्रीला वाचता येईल का? कंपनी बंद पडली तर हे चालू राहील का? उत्तर पावतीवर लिहून घ्या. त्याने नकार दिला तर तो नकार आम्हाला कळवा. पुढच्या अंकात छापू.