शेततळं: खोदण्याआधी आणि भरल्यानंतर

नरसी नामदेवच्या परिसरात कयाधू नदीकाठी पावसाळ्यात पाणी धो-धो वाहतं आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अशा भागांसाठीच २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली.

तळ्याचा हिशोब आधी कागदावर मांडा. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार धरला, तर तळाशी २४ बाय २४ मीटर उरतात. अशा तळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावतं. बाजू सरळ उभ्या खोदल्या तर पाणी जास्त मावेल खरं, पण काठ ढासळतील.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून अस्तर लावायचं असेल तर आधी दगड, धसकटं वेचून तळ आणि उतार नीट दाबून घ्या. ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टिकाऊ. त्याचे जोड उष्णतेनं चिकटवा आणि कडा बांधावर चर खणून त्यात गाडा. ओढ्याचं गढूळ पाणी थेट आत सोडू नका. आधी गाळ बसायला छोटा खड्डा हवाच.

आता पोहण्याचं. पोरांना भरलेलं तळं म्हणजे घरचा स्विमिंग पूल वाटतो, पण ते तसं नाही. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चहूबाजूंनी कुंपण घाला, काठाला पक्के खुंट ठोका आणि पाण्यापर्यंत पोचणारे गाठीचे दोर चारही बाजूंना बांधून ठेवा.