निरोप्या कीं संपादक?



धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें लहानसें गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, आठवड्याच्या बाजारच्या दिवशीं, तेथें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भिक्षेकऱ्यांना जमावानें ठार मारिलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशी खोटी आवई व्हॉट्सॲपवरून त्या भागांत पसरली होती. आवई उठविणारा दोषी, हात उगारणारा दोषी. यांत वाद नाहीं. पण ज्या माध्यमाच्या वाटेनें ती घरोघर पोहोंचली, त्याची जबाबदारी किती?

टपालवाल्यास पाकिटांतील मजकुराबद्दल कोणी जाब विचारीत नाहीं. संपादक मात्र छापलेल्या प्रत्येक ओळीस उत्तरदायी असतो. सामाजिक माध्यमें कोणत्या वर्गांत बसतात? आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें त्यांस 'मध्यस्थ' मानिलें. कलम ७९ प्रमाणें, जो मध्यस्थ मजकूर स्वतः धाडीत नाहीं, तो कोणास पोहोंचावा हें निवडीत नाहीं व त्यांत फेरफार करीत नाहीं, त्याला परक्याच्या मजकुराबद्दल संरक्षण मिळतें. मात्र त्यानें योग्य दक्षता बाळगली पाहिजे. श्रेया सिंघल खटल्यांत २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, न्यायालयाचा वा शासनाचा आदेश आल्यावरच मजकूर काढण्याची सक्ती मध्यस्थावर येते.

अडचण पुढेंच आहे. फेसबुक किंवा यूट्यूब उघडतांच कोणता मजकूर वर यावा, हें तेथील गणितच ठरवितें. हें काम टपालवाल्याचें खचित नव्हे. म्हणून नियमकर्त्यांनीं आकाराचें माप घेतलें. २०२१ च्या नियमांप्रमाणें भारतांत पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असलेलें माध्यम 'महत्त्वपूर्ण' ठरतें, व त्याला भारतांत राहणारे तीन जबाबदार अधिकारी नेमावे लागतात. युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्यांत हीच मर्यादा महिन्याला साडेचार कोटि वापरकर्ते अशी आहे. कसूर केल्यास दंड जगभरच्या उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत जातो.

निव्वळ आकारानें मात्र प्रश्न सुटत नाहीं. गंभीर गुन्ह्यांत निरोपाचा मूळ कर्ता शोधून द्यावा, असेंही २०२१ चे नियम सांगतात. व्हॉट्सॲपनें त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयांत त्यांस आव्हान दिलें. कारण एकाचा माग लागावा म्हणून सर्वांच्याच पाकिटांवर खूण करावी लागेल. सरकारी कारभाराविषयींचा कोणता मजकूर खोटा, हें सरकारच्याच पथकानें ठरवावें, ही २०२३ ची तरतूद मुंबई उच्च न्यायालयानें सप्टेंबर २०२४ मध्यें रद्द केली. राईनपाड्याचें दुःख खरें, तसें हें भयहि खरें.

मला वाटतें, माध्यमांचें वर्गीकरण त्यांच्या कृतीवरून व्हावें. जें केवळ खासगी निरोप पोहोंचवितें, त्याच्याकडून पत्रें फोडण्याची अपेक्षा करूं नये. जें स्वतः निवडून मजकूर पुढें मांडतें, त्यानें त्या निवडीचा हिशेब द्यावा. जुलै २०१८ मध्येंच व्हॉट्सॲपनें भारतांत एक निरोप एका वेळीं पांच ठिकाणींच पुढें धाडतां यावा, अशी मर्यादा घातली. कोणाचेंहि पत्र न उघडतां आवईचे पाय जड करतां येतात, हें त्यावरून दिसलें. त्या रविवारीं कदाचित् तेवढाच विलंब पांच जिवांस पुरला असता.