माळ आणि माळढोक

धारवाडहून पश्चिमेस अळणावर किंवा कलघटगीच्या वाटेस लागले, की थोड्याच वेळात झाडी दाट होत जाते. पूर्वेकडे नवलगुंदच्या रस्त्याने निघाले, तर चित्र अगदी पालटते. काळीभोर जमीन, ज्वारी-हरभऱ्याची शेते, मधूनच एखादा उघडा माळ आणि त्यावर क्षितिजापर्यंत टेकलेले आभाळ. कानडीत पहिल्या मुलखाला मलनाड म्हणतात आणि दुसऱ्याला बयलुसीमे. हुबळी-धारवाड ही जोडशहरे या दोहोंच्या सीमेवर वसली आहेत. पश्चिमेकडील रानाचे कौतुक सर्वांनाच असते. पूर्वेकडील माळाकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. तेथे काय आहे, असा प्रश्न विचारला, तर 'काही नाही' असेच उत्तर बहुधा मिळते.

याच 'काही नाही'मध्ये एके काळी भारतातील एक भव्य पक्षी सुखाने नांदत होता. त्याचे नाव माळढोक. मराठीत त्याला हूम असेही म्हणतात आणि कानडीत 'एरेभूत', म्हणजे काळ्या जमिनीतले भूत. उंची सुमारे एक मीटर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. पाठ तपकिरी, मान पांढरी, माथ्यावर काळी टोपी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात फार थोडे आहेत. एवढा मोठा पक्षी वाळलेल्या गवतात निश्चल उभा राहिला, की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, आणि चार पावले टाकली की एकाएकी प्रकट होतो. भूत हे नाव त्याला उगाच पडलेले नाही.

या पक्ष्याचा सारा संसार उघड्या जागेवर अवलंबून आहे. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतात सांडलेले दाणे हा त्याचा आहार. पावसाळ्याच्या दिवसांत नर एखादी उंचवट्याची जागा निवडतो, शेपूट पाठीवर उभारतो, गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ गुडघ्यांपर्यंत लोंबती सोडतो आणि घुमणारा खोल आवाज काढतो. हूम हे नाव त्या आवाजावरूनच आले. माद्या दुरून ते पाहतात आणि आपला नर निवडतात. मध्ये झाडांची भिंत उभी राहिली, तर हा सोहळाच व्यर्थ होय. पुढे मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि जवळजवळ चार आठवडे ते एकटीच उबवते. नर त्या कामी काहीच मदत करीत नाही. एखाद्या कुत्र्याने ते अंडे फोडले, की मादीचे सारे वर्ष बहुधा वाया जाते.

युरोपातील काळ्या ग्राऊस पक्ष्याची कथाही याहून फारशी निराळी नाही. तेथेही नर पहाटे उघड्या मैदानावर जमतात, शेपटीचा पिसारा पसरून घुमतात, झुंजतात, आणि माद्या त्यांतून निवड करतात. हॉलंडमध्ये हा पक्षी एके काळी विपुल होता. पण तेथील झुडुपी माळ नांगराखाली गेले, कित्येकांवर झाडे लावली गेली, आणि पक्षी ओसरत ओसरत एका टेकडीपुरताच उरला. तो टिकावा म्हणून २०१२ पासून स्वीडनहून पक्षी आणून तेथे सोडावे लागले. माळ मोडणे सोपे असते. मोडलेल्या माळावर पक्षी परत बोलावणे किती अवघड, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडे काय घडले? हुबळीहून दक्षिणेस जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हावेरीच्या पुढे राणेबेन्नूर लागते. हा भाग १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यातच होता. तेथील काळवीट आणि माळढोक यांच्या रक्षणासाठी १९७४ साली ११९ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. काळवीट वाढले, आजही त्यांचे कळप तेथे पाहावयास मिळतात. माळढोक मात्र त्या माळावरून नाहीसा झाला. कारणे अनेक आहेत. पण त्यांतील एक विशेष विचार करण्याजोगे आहे. त्या माळाच्या मोठ्या भागावर निलगिरीची लागवड झाली होती. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सरपण मिळावे, उजाड जमीन हिरवी व्हावी, असाच तो होता. परंतु माळढोकाच्या दृष्टीने ती हिरवळ नव्हे, तर घरात घातलेली भिंत होती.

सोलापूरजवळच्या नान्नजची हकीकत दुसरा धडा शिकवते. महाराष्ट्रात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि त्यात ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र घेतले गेले. एवढ्या प्रदेशात गावे, शेते, बाजारपेठा सारेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि पक्ष्याचे नाव काढताच शेतकऱ्यांच्या कपाळाला आठी पडू लागली. पुढे ते क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. आज नान्नजला माळढोक दिसलाच, तर तो योग समजावा लागतो. मध्य प्रदेशातील करेरा येथेही अभयारण्य झाले, लोक दुखावले आणि पक्षी नाहीसा झाला. नकाशावर रेघ ओढल्याने पक्षी वाचत नाही. त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे मन वळवावे लागते.

१९६९ साली देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत, असा अंदाज करण्यात आला होता. आज ही संख्या दीडशेच्या आसपास आली आहे. त्यांतील बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे आहेत. कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यातील सिरगुप्प्याच्या बाजूस मोजके उरले आहेत. शिकारीस कायद्याने १९७२ पासून बंदी आहे. पण आता नवे संकट विजेच्या तारांचे आहे. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड देहामुळे ऐन वेळी वळताही येत नाही. या तारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ व २०२४ साली न्यायालयाने त्यावर आदेश दिले. जैसलमेरजवळ २०१९ पासून रानातील अंडी आणून पिल्ले वाढविण्याचे काम चालू आहे, आणि २०२४ साली कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लूही जन्मास आले. ही आनंदाची गोष्ट खरी. पण ही पिल्ले उद्या सोडावयाची कोठे, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तो माळावरच सुटावयास हवा.

म्हणून प्रथम एक शब्द बदलावा लागेल. सरकारी दप्तरात अशा जमिनीची नोंद पुष्कळदा 'पडीक' म्हणून होते. वास्तविक कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचा माळ हा पडीक नसतो. त्यावर गुरे-मेंढरे पोसतात, चंडोल आणि तित्तिर अंडी घालतात, आणि हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी रात्री त्याच गवतात विसावतात. पर्जन्यमान कमी असलेल्या मुलखात निसर्गानेच केलेली ती योजना आहे.

करावयाचे काम अवघड नाही. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत माळाचा काही भाग चराईपासून राखावा आणि पुढे मोकळा करावा. मेंढपाळाला शत्रू न मानता राखणदार करावे. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करावा. आणि वनमहोत्सवाचे खड्डे खणण्यापूर्वी ही जागा झाडांची आहे की गवताची, एवढे विचारावे. गावच्या गोमाळात रोप लावण्याचा उत्साह स्तुत्य आहे; तेच रोप शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला लावले, तर ते दुप्पट उपयोगी पडेल.

धारवाडच्या पूर्वेकडील माळावर माळढोक पुन्हा घुमेल किंवा घुमणारही नाही. परंतु तो कधी काळी परत आलाच, तर त्याला उतरावयास जागा राहिली पाहिजे. ती राखणे अजून तरी माणसाच्या हाती आहे.