गुडघ्याची पुडी

2011 सालची गोष्ट. आमची अम्मा तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची. पहाटे वजू करायला उठली आणि न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "रोजची औषधं कोणती?" मी बीपीची गोळी सांगितली. "दम्याची, सांधेदुखीची? एखादी पुडी?" पुडी म्हटल्यावर आठवलं. गुडघ्यांसाठी अम्मा दोन वर्षं बाजारातून एक पुडी आणवून घेत होती. पडल्यापासून ती बंद होती. बाई गंभीर झाल्या. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं म्हणाल्या.

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात. शरीराला सर्जनची सुरी आणि वाघाचा पंजा यांतला फरक कळत नाही. कापलं गेलं की मेंदूतून हुकूम सुटतो आणि कॉर्टिसॉल वाढतं. त्याच्या जोरावर रक्तदाब तग धरतो. पण बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की या ग्रंथी आळसावतात. मग ते अचानक थांबलं आणि त्यातच ऑपरेशन आलं, तर रक्तदाब कोसळू शकतो. अम्माचं सकाळचं कॉर्टिसॉल फारच कमी निघालं. सलाइनमधून हायड्रोकॉर्टिसोन देऊनच तिला आत नेलं. बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नसतं तर? मी बी.ए. झालेला माणूस, कविता करणारा. घरातली पुडी मला दिसली नव्हती.

ऑपरेशननंतर साखर दोनशेच्या वर गेली. मधुमेह तर नव्हता! शरीर लढाईच्या पवित्र्यात असलं की इन्सुलिनचं फारसं चालत नाही, त्यात वरून दिलेलं स्टिरॉइड. काही दिवसांत साखर उतरली.

तिसऱ्या रात्री मात्र मी घाबरलो. अम्मा मला तिच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. वाटलं, डोकं गेलं. रक्त तपासलं तर सोडियम उतरलेलं. ऑपरेशननंतर शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरकही जास्त सोडतं, त्यामुळे सोडियम पातळ होतं. म्हाताऱ्या माणसाला ते सोसत नाही. वेदना, औषधं, जंतुसंसर्ग, मोडलेली झोप यांनीही असा भ्रम होतो. म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना लगेच सांगावं. सिस्टरने अम्माला चष्मा लावला, खाट खिडकीकडे वळवली. सोडियम सुधारलं तशी दोन दिवसांत मला ओळखू लागली.

भेटायला येणाऱ्या बायका "नुसती पेज द्या" म्हणायच्या. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी 1930च्या सुमारास हाडं मोडलेल्यांची लघवी तपासून दाखवलं होतं की, अशा इजेनंतर शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. वृद्धांकडे मुळात स्नायू किती उरलेले! डॉक्टरांनी अंडी, डाळ, दूध सांगितलं आणि दुसऱ्याच दिवसापासून वॉकर धरून उभं करायला लावलं.

स्टिरॉइड हळूहळू, डॉक्टरांच्या हिशेबानेच कमी झालं. घरी आल्यावर अम्माने पहिली चौकशी पुडीची केली. मी ती तपासणीसाठी देऊन टाकली होती. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.